हाताने छापलेले चित्र आणि पेन्सिलीतला आकडा : मर्यादित आवृत्तीची स्क्रीन प्रिंट समजून घेताना

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगेला लागूनच चित्रांची रांग असते. बुद्ध, बाबासाहेब, फुले दांपत्य, शाहू महाराज, रमाई. गावाकडे परतणारा माणूस पिशवीत एक पुस्तक आणि हातात गुंडाळलेले एक चित्र घेऊन निघतो. १९५६ नंतर आपल्या घरांतला देव्हारा गेला आणि त्या भिंतीवर ही चित्रे आली. त्यामुळे चित्र ही आपल्याकडे नुसती शोभेची वस्तू कधीच नव्हती. तरीही यातले एखादे चित्र उलटून पाहिले तर मागची बाजू बहुधा कोरी असते. ते कोणी काढले, कोणी छापले, किती प्रती निघाल्या, याची नोंद कुठेच नसते.

जगभरच्या चळवळींनी वापरलेला चित्रांचा एक प्रकार असा आहे, की या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चित्राच्या खालच्या कडेलाच लिहिलेली असू शकतात. तो प्रकार म्हणजे हाताने छापलेली, मोजक्या प्रतींची स्क्रीन प्रिंट. वर्णभेद, शेतमजुरांची पिळवणूक, हुकूमशाही, युद्ध अशा विषयांवर गेल्या शंभर वर्षांत अशा असंख्य प्रिंट निघाल्या. हे तंत्र काय आहे, त्या आकड्याचा अर्थ काय आणि आपल्या तरुणांना त्याचा काय उपयोग, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मोजक्या प्रतींची प्रिंट श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठीच असते असे समजण्याचे कारण नाही. आकडा आणि सही या दोन गोष्टी चळवळीच्या हातात आल्या, तर अशी प्रिंट चळवळीची नोंदवही होते. आणि नोंदवहीची गरज आपल्याइतकी क्वचितच कोणाला असेल.

स्क्रीन प्रिंट कशी होते?

स्क्रीन प्रिंटिंग आपल्याला अनोळखी नाही. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळाचे टी-शर्ट, कापडी झेंडे यांवरची बरीच छपाई आजही याच पद्धतीने होते. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बारीक विणीची जाळी ताणून बसवतात. पूर्वी ही जाळी रेशमाची असे, म्हणून सिल्क स्क्रीन हे नाव पडले. आता ती पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची असते.

या जाळीवर अंधाऱ्या खोलीत इमल्शनचा पातळ थर देऊन तो वाळवतात. इमल्शन म्हणजे प्रकाश लागला की घट्ट होणारा द्राव. छापायचे चित्र पारदर्शक कागदावर गडद काळ्या रंगात तयार करतात. त्याला छपाईवाले पॉझिटिव्ह म्हणतात. हा पॉझिटिव्ह जाळीला घट्ट लावून प्रकाश देतात. छोटे कारागीर त्यासाठी चौकट थेट उन्हात धरतात. जिथे ऊन पोहोचते तिथे इमल्शन घट्ट होते. जिथे काळी रेघ आड येते तिथे ते मऊ राहते आणि पाण्याच्या धारेने धुऊन जाते. मग जाळीत चित्राच्या आकाराचीच वाट तेवढी मोकळी उरते. खाली कागद ठेवायचा, वर शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ती एका दमात ओढायची. शाई मोकळ्या वाटेने कागदावर उतरते.

एका रंगाला एक जाळी लागते. चित्र चार रंगांचे असेल तर चार जाळ्या आणि प्रत्येक कागदावर चार वेळा छपाई. दर वेळी नवा रंग आधीच्या रंगाशी नेमका जुळला पाहिजे. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. कागद केसभर सरकला तरी रंग रेघेबाहेर जातो. चार रंगांच्या ५० प्रती म्हणजे स्क्वीजीच्या २०० ओढी, आणि प्रत्येक ओढीनंतर कागद वाळत घालणे आलेच. हाताने छापलेली प्रिंट म्हणतात ती या मेहनतीमुळे.

चळवळींना हे तंत्र आवडले याची कारणे साधी आहेत. मोठे यंत्र लागत नाही. अडचण आली तर विजेवाचूनही भागते. एका खोलीत सगळा पसारा मावतो आणि वेळ आली तर रातोरात हलवता येतो. भांडवल नसलेल्या माणसाला छापखान्याच्या मालकाची परवानगी न घेता छापता येते, हे त्यातले सर्वांत मोठे कारण.

७/६० म्हणजे काय?

मर्यादित आवृत्तीच्या प्रिंटखाली सहसा डाव्या बाजूला ७/६० असा आकडा, मध्ये चित्राचे नाव आणि उजवीकडे चित्रकाराची सही असते. हे सगळे पेन्सिलीने लिहिण्याची प्रथा आहे. ७/६० म्हणजे एकूण ६० प्रतींपैकी ही सातवी. सातव्या प्रतीची किंमत साठाव्यापेक्षा जास्त असते असा समज आहे, पण स्क्रीन प्रिंटमध्ये पहिली आणि शेवटची प्रत गुणाने सारखीच असायला हवी.

आकड्याच्या जागी कधी ए.पी. ही अक्षरे दिसतात. त्या चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती असतात, आणि त्या साधारण आवृत्तीच्या एकदशांश असाव्यात असा संकेत आहे. पी.पी. म्हणजे छापणाऱ्याची प्रत. बी.ए.टी. हे फ्रेंच शब्दांचे लघुरूप आहे. चित्रकाराने 'आता अशीच छापा' म्हणून मान्य केलेली ती नमुना प्रत. आवृत्ती पूर्ण झाली की जाळीवरचे इमल्शन काढून टाकतात. मग त्याच जाळीतून तेच चित्र पुन्हा निघत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेल्या एचिंगमध्ये पत्रा छपाईगणिक झिजतो, त्यामुळे प्रतींना आपोआप मर्यादा येते. स्क्रीनचे तसे नसते. एका जाळीतून शेकडो प्रती सहज निघतात. म्हणजे ६०वर थांबणे हा तंत्राचा नाइलाज नसून माणसाने घेतलेला निर्णय असतो. तो कोणी घेतला आणि कशासाठी घेतला, हाच या विषयातला खरा राजकीय प्रश्न आहे.

२० लाख छापली, उरली किती?

कापलेल्या आकारातून रंग उतरवण्याची कला जपानमध्ये कापडावर फार पूर्वीपासून होती. युरोपात मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये जाळीतून छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. सुरुवातीला तिचा उपयोग दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातींसाठी होई.

मोठा बदल झाला तो अमेरिकेत महामंदीच्या काळात. बेकार कलावंतांना काम देण्यासाठी तिथल्या सरकारने योजना काढली होती. तिच्यात अँथनी व्हेलोनिस या तरुणाने पोस्टरसाठी स्क्रीन प्रिंटिंग वापरात आणले, आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या तंत्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. याच काळात जाहिरातीच्या छपाईपासून कलावंताची प्रिंट वेगळी ओळखू यावी म्हणून 'सेरिग्राफ' हा शब्द रूढ झाला. क्षयरोगाची तपासणी, सुरक्षित कारखाने, वाचनालये, झोपडपट्टी सुधारणा असे विषय या योजनेच्या पोस्टरांवर आले.

अभ्यासकांच्या अंदाजानुसार या योजनेतून ३५,००० रचनांची सुमारे २० लाख पोस्टर छापली गेली. आज अस्तित्वात असल्याचे माहीत असलेली पोस्टर २,००० च्या घरात आहेत. त्यातली ९०० हून अधिक लायब्ररी ऑफ काँग्रेसने सांभाळली आहेत. भिंतीसाठी छापलेली वस्तू भिंतीबरोबर जाते, हा त्याचा धडा. सरकारचा पैसा आणि यंत्रणा पाठीशी असून ही गत होते. ज्यांच्यामागे सरकार नाही त्यांचे काय होत असेल, याचा विचार करावा.

जॉन ब्राऊनच्या ६० प्रती

मर्यादित आवृत्ती का काढावी, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर आम्हाला जेकब लॉरेन्स यांच्या कामात सापडते. लॉरेन्स (१९१७–२०००) हे हार्लेममध्ये वाढलेले कृष्णवर्णीय चित्रकार. १९४१ मध्ये त्यांनी जॉन ब्राऊनच्या जीवनावर २२ चित्रांची मालिका रंगवली. जॉन ब्राऊन हा गोरा माणूस गुलामगिरीविरुद्ध शस्त्र घेऊन उभा राहिला. १८५९ च्या ऑक्टोबरात त्याने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला आणि २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी झाली.

या लढ्याशी आपला संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या लढ्याला मान दिला, त्याच लढ्यातल्या एका माणसाची गोष्ट लॉरेन्स यांनी पुढे रंगांत सांगितली.

ही मूळ चित्रे डेट्रॉइटच्या कला संग्रहालयाकडे आहेत. कागदावर पाण्यात कालवलेल्या दाट रंगांत केलेली ही चित्रे कालांतराने इतकी नाजूक झाली की ती लोकांसमोर मांडणे कठीण झाले. तेव्हा संग्रहालयाच्या पुढाकाराने १९७७ मध्ये सगळ्या २२ चित्रांच्या स्क्रीन प्रिंट काढण्यात आल्या. आवृत्ती ६० संचांची. लॉरेन्स यांची शैलीही या तंत्राला साजेशी होती : सपाट रंगांचे मोठे आकार, धारदार कडा, छायाप्रकाशाचा फारसा खेळ नाही. आज ही मालिका अनेक ठिकाणी पाहता येते ती या प्रिंटमुळे. मूळ चित्र एका इमारतीत अडकले होते. ६० प्रतींनी त्याला ६० घरे दिली, आणि प्रत्येक प्रतीवर आकडा आणि सही असल्यामुळे कोणती प्रत कुठे आहे हे शोधता येते.

आकड्याला नकार

पण याच्या अगदी उलट निर्णय घेणारेही होते, आणि त्यांचीही बाजू पक्की होती.

मे १९६८ मध्ये पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी आणि कलावंतांनी तिथल्या कला महाविद्यालयाचा ताबा घेतला आणि 'आतेलिए पॉप्युलेर', म्हणजे लोकांची कार्यशाळा, सुरू केली. पहिले पोस्टर शिळाछापाचे होते. वेग कमी पडतो म्हणून लगेच स्क्रीन प्रिंटिंग सुरू झाले. कोणते पोस्टर छापायचे हे रोजच्या सभेत ठरे. मुद्दा राजकीयदृष्ट्या बरोबर आहे का आणि चित्रातून तो पोहोचतो का, या दोन कसोट्या होत्या. कोणीही सही करायची नाही, आकडा घालायचा नाही. ही पोस्टर विकणे किंवा शोभेसाठी टांगणे म्हणजे त्यांचा हेतू मारणे, अशी त्यांची जाहीर भूमिका होती. २७ जूनला पोलिसांनी इमारत रिकामी केली तोवर शेकडो रचना शहराच्या भिंतींवर लागल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेच्या सीमेलगत, बोत्सवानातल्या गाबोरोने शहरात १९७८ पासून 'मेडू आर्ट एन्सेम्बल' हा गट काम करत होता. मेडू म्हणजे सेपेडी भाषेत मुळे. वर्णभेदी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले लोक त्यात मोठ्या संख्येने होते. ते स्वतःला कलावंत न म्हणता सांस्कृतिक कार्यकर्ते म्हणवत. त्यांची पोस्टर मुख्यतः स्क्रीन प्रिंटने निघत आणि चोरून सीमेपलीकडे नेली जात. तिथे असे पोस्टर जवळ सापडणे धोक्याचे होते. अशा वेळी त्याखाली सही कोण करणार?

१४ जून १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने गाबोरोनेवर छापा घातला. १२ माणसे मारली गेली. त्यांत मेडूचे चित्रकार थामी म्न्येले होते. त्यांची चित्रे सैनिकांनी उचलून नेली. मेडूचे काम तिथेच थांबले. २०१९ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने मेडूच्या पोस्टरांचे मोठे प्रदर्शन भरवले. विखुरलेली पोस्टर एकत्र करून, कोणी काय काढले याचा माग काढत हा इतिहास पुन्हा उभा करावा लागला.

पॅरिस आणि गाबोरोने या दोन्ही ठिकाणी आकडा नाकारणे योग्यच होते. पहिल्या ठिकाणी ते तत्त्व होते, दुसऱ्या ठिकाणी जिवाचे संरक्षण. पण त्याची किंमतही आहे. नाव आणि संख्या नसलेली वस्तू हरवते तेव्हा ती हरवली हेसुद्धा कळत नाही.

दोन्ही साधणारे

या दोन टोकांच्या मधली वाट लॉस एंजेलिसमध्ये दिसते. कोरिटा केंट (१९१८–१९८६) या तिथे जोगीण म्हणून राहत आणि कला शिकवत. गरिबी, वंशभेद, व्हिएतनाम युद्ध यांवर त्यांनी स्क्रीन प्रिंट काढल्या. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत उठाव झाला, तेव्हा वर्तमानपत्राचे पहिले पानच त्यांनी एका प्रिंटमध्ये घेतले. त्या प्रिंटवर सही करत. पण सामान्य माणसाला परवडावे म्हणून त्यांनी प्रतींवर आकडे घालून टंचाई निर्माण करणे बहुतेक वेळा टाळले.

त्यांच्या विद्यार्थिनी कॅरेन बोकालेरो, याही जोगीणच. त्यांनी काही मेक्सिकन वंशाच्या कलावंतांसोबत १९७० च्या सुमारास पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' ही संस्था सुरू केली. हा भाग श्रमिक मेक्सिकन कुटुंबांचा. १९८० च्या दशकात संस्थेने चित्रकारांना आमंत्रित करून स्क्रीन प्रिंटच्या मर्यादित आवृत्त्या काढायला सुरुवात केली. जाळी, शाई, जागा आणि कसबी छपाईकार संस्थेचे. छापलेल्या प्रतींचा एक वाटा चित्रकाराचा, एक वाटा संस्थेचा. संस्था आपल्या वाट्यातून पुढचे काम चालवणार आणि संग्रहही जपणार. गरीब वस्तीतल्या संस्थेने मर्यादित आवृत्ती बाजारासाठी न वापरता स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी वापरली, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

याच मेक्सिकन-अमेरिकन चळवळीतली एस्तेर हर्नांडेझ यांची १९८२ ची 'सन मॅड' ही प्रिंट पाहावी. हर्नांडेझ कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर कुटुंबात, द्राक्षांच्या मुलखात वाढल्या. बेदाण्याच्या एका प्रसिद्ध डब्यावर लाल टोपीतली हसरी मुलगी द्राक्षांची टोपली घेऊन उभी असते. हर्नांडेझ यांनी बाकी सगळे तसेच ठेवले आणि मुलीच्या जागी सांगाडा उभा केला. खाली कीटकनाशके आणि तणनाशके यांचा उल्लेख आला. द्राक्षबागेत पाठीवर पंप घेऊन औषध फवारणाऱ्या आपल्याकडच्या मजुराला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. या प्रिंटची प्रत आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयात आहे.

सही कोणाची?

आकड्याइतकाच सहीचा प्रश्न मोठा आहे. मर्यादित आवृत्तीवर सही असते ती चित्रकाराची. पण जाळी ताणणारा, रंग जुळवणारा, २०० ओढी ओढणारा बहुधा वेगळाच असतो. चांगल्या कार्यशाळा कागदाच्या कोपऱ्यात शाई न लावता दाबून स्वतःची मुद्रा उठवतात आणि छापणाऱ्याला पी.पी. लिहिलेली प्रत देतात. लू स्टोव्हल या कृष्णवर्णीय मुद्राचित्रकाराने १९६८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये कार्यशाळा सुरू केली. हैतीच्या क्रांतीचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर याच्यावरच्या लॉरेन्स यांच्या ४१ चित्रांपैकी १५ चित्रे १९८६ ते १९९७ या काळात स्टोव्हल यांच्यासोबत स्क्रीन प्रिंटमध्ये आली. या कामाचा उल्लेख होतो तेव्हा दोघांचीही नावे घेतली जातात.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले होते, की जातिव्यवस्था श्रमांची वाटणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच वाटणी करते आणि त्यांना वर-खाली लावते. डोक्याचे काम वरचे, हात मळवणारे काम खालचे, ही उतरंड कलेच्या क्षेत्रातही आहे. ज्याचे हात शाईत असतात त्याचे नाव कागदावर येत नाही. आपण काढलेल्या प्रिंटवर छापणाऱ्याचेही नाव असावे, हा आमच्या दृष्टीने सौजन्याचा प्रश्न नाही, समतेचा आहे.

आपल्याकडे काय उरले?

छपाई आपल्या हातात हवी, हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. पुढे स्वतःचा छापखाना उभा राहिला. तोच नंतर बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस झाला. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा या प्रेसची जुनी वास्तूही त्यात गेली.

१९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तिकडे एमोरी डग्लस यांनी ब्लॅक पँथरच्या वृत्तपत्रासाठी काढलेली चित्रे आज पुस्तकांत आणि संग्रहालयांत आहेत. इकडे १९७८ ते १९९४ या काळात नामांतरासाठी जे फलक रंगले, ज्या भिंती निळ्या झाल्या, ते काढणाऱ्या किती हातांची नावे आपल्याला सांगता येतील? शाहिरांची नावे आपण जपली, कारण ती गाण्यातच गुंफलेली असतात. पेंटरचे नाव फलकाबरोबर उतरले.

आता फलकाची जागा फ्लेक्सने घेतली आहे. १४ एप्रिलला चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. त्यावर बाबासाहेबांचा फोटो एक आणि शुभेच्छुकांचे फोटो वीस. महिन्याभरात तोच फ्लेक्स पावसाळ्यासाठी एखाद्या झोपडीवर ताडपत्री म्हणून जातो. तो उपयोग वाईट नाही. पण त्या वर्षी आपण काय म्हणत होतो, याचा पुरावा म्हणून काहीच मागे राहत नाही.

मुद्राचित्राची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा हे विषय एचिंगमधून मांडले. मुंबईच्या ज. जी. कला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकवले जाते आणि आपली मुले तिथे शिकतात. दुसरीकडे आम्ही काम करतो त्या वस्त्यांमध्ये लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापून पोट भरणारे तरुण आहेत. ज्याला चित्र येते आणि ज्याला छपाई येते, ते दोघेही आपल्यातच आहेत. त्यांची गाठ घालून देणे एवढेच काम बाकी आहे.

काढायचे ठरवले तर

गट, वसतिगृह, विहार किंवा वाचनालय यांना हे काम जमण्यासारखे आहे. काही सूचना आम्ही देऊ इच्छितो.

विषय नेमका घ्या. 'समता' हा विषय चित्रात मावत नाही. २० मार्च १९२७ चे चवदार तळे, गटारात उतरवला जाणारा सफाई कामगार, अडकलेली शिष्यवृत्ती हे मावतात. फोटोवरून चित्र करणार असाल तर फोटो कोणाचा आहे ते शोधा, परवानगी लागत असेल तर घ्या आणि श्रेय लिहा.

दोन आवृत्त्या काढा. एक भिंतीसाठी, साध्या कागदावर, आकडा न घालता, हव्या तितक्या प्रती. दुसरी जपण्यासाठी, सुती लगद्याच्या आम्लरहित कागदावर, उदाहरणार्थ ५० प्रती, आकडा आणि सह्यांसह. या ५०पैकी काही प्रती आधीच वाचनालयांसाठी, विहारांसाठी आणि अभ्यासकांसाठी बाजूला काढा. उरलेल्या विका आणि त्या पैशातून भिंतीच्या प्रतींचा खर्च भागवा. हिशेब जाहीर ठेवा. ५० सांगितले तर एक्कावन्नावी प्रत काढू नका. आकडा हा दिलेला शब्द असतो.

वही ठेवा. तारीख, जागा, कागद, रंग, प्रतींची संख्या, चित्रकार, छापणारे, काढण्याचे कारण आणि कोणती प्रत कोणाकडे गेली, एवढे लिहिले तरी पन्नास वर्षांनी कोणाला अंधारात चाचपडावे लागणार नाही.

तब्येत सांभाळा. थिनर आणि रॉकेलच्या वाफा बंद खोलीत घातक असतात. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, जमेल तिथे पाण्यातली शाई वापरा. इमल्शनमधली काही रसायने विषारी असतात, ती मुलांच्या हाती लागू देऊ नका.

प्रिंट लॅमिनेट करू नका, मागे चिकटपट्टी लावू नका. ऊन आणि ओल यांपासून दूर, शक्यतो सपाट ठेवा.

विकत घेताना

सध्या संगणकावरून काढलेल्या इंकजेट प्रतीसुद्धा 'मर्यादित आवृत्ती' म्हणून विकल्या जातात. त्यात फसवणूक असतेच असे नाही, पण ती हाताने छापलेली स्क्रीन प्रिंट नव्हे. भिंगातून पाहा. इंकजेटमध्ये सपाट रंगातही वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके मिसळलेले दिसतात. स्क्रीन प्रिंटमध्ये रंग सलग असतो आणि कागद तिरका धरला तर शाईचा थर वर बसलेला जाणवतो. काही स्क्रीन प्रिंटमध्येही छटेसाठी ठिपके असतात, पण प्रत्येक ठिपका एकाच सलग रंगाचा असतो. सही आणि आकडा पेन्सिलीने लिहिलेला आहे की चित्राबरोबरच छापला गेला आहे, हेही तपासा. आणि विचारा : एकूण प्रती किती, छापली कोणी, पैसा कोणाकडे जातो? चळवळीच्या विषयावरची प्रिंट विकणाऱ्याला ही तीन उत्तरे देता आली पाहिजेत.

ज्यांच्या पूर्वजांना लिहायला बंदी होती, त्यांनी आपल्या कामाखाली नाव, तारीख आणि आकडा लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे. एक चौकट, एक जाळी, एक स्क्वीजी आणि एक वही यांत सुरुवात होते. पुढच्या १४ एप्रिलला आपल्या गटाने काढलेली पहिली प्रत, १/५०, जवळच्या वाचनालयात जमा करा आणि पावती घ्या.